इलेक्ट्रिक फील्डने लिक्विड क्रिस्टलचे फ्लेक्स फिरतात ते नेमके कसे?

मी रत्नागिरीला टीवाय फिजिक्सला आहे. सेमिनारला पॉलिमर कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टलचे फ्लेक्स (म्हणजे आतले रेणू पिळलेले असलेल्या पॉलिमरच्या बारीक चपट्या चकत्या) घेतलेत, अमेरिकेत रोचेस्टर विद्यापीठात यावर बरंच काम झालंय. जेट्टीवर दुपारी मोबाइलची स्क्रीन काहीच दिसत नाही आणि हे तर ऊनच परावर्तित करून रंग दाखवतात, बॅकलाइट नको, म्हणून हा विषय आवडला. पण फ्लेक प्लॅस्टिकसारखा घट्ट, आतले रेणू जागचे हलत नाहीत, मग व्होल्टेज दिल्यावर तो फिरतो कसा? आणि एसीच (सतत दिशा बदलणारं व्होल्टेज) का लागतं, डीसी (एकाच दिशेचं) का नाही चालत?

देवगडकर: आधी रंगाचं बघ. आतले रेणू मळसूत्रासारखे पिळलेले असतात, एका पिळाची लांबी गुणिले अपवर्तनांक (रिफ्रॅक्टिव्ह इंडेक्स) एवढ्या तरंगलांबीचा प्रकाश परत येतो, म्हणजे ३५० नॅनोमीटर आणि १.५ धरलं तर ५२५, हिरवा. तोही एकाच दिशेने फिरणारा ध्रुवित प्रकाश, त्यामुळे साध्या उजेडातला जास्तीत जास्त निम्मा. बांगड्याचं खवलं उन्हात कडेवर धरलं की चमक जाते ना, तसाच फ्लेक उभा राहिला की रंग जातो.

फिजिक्सवाली मावशी, मालवण: बाळा, फिरतो तो अख्खा फ्लेकच. फ्लेक आणि भोवतालचा द्रव (प्रॉपिलीन कार्बोनेट वापरतात) यांची वाहकता वेगळी, परावैद्युतांकही (डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट) वेगळा, म्हणून फील्ड लावलं की दोघांच्या सीमेवर भार साचतो, याला मॅक्सवेल-वॅग्नर ध्रुवीकरण म्हणतात. त्यातून द्विध्रुव (एका टोकाला धन, दुसऱ्याला ऋण भार) तयार होतो, त्यावर टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, येतो आणि फ्लेक सेकंदाच्या आत फील्डच्या दिशेत उभा, तेही थोड्याशा व्होल्टवर. डीसी दिलं तर आयन इलेक्ट्रोडपाशी जमतात नि फील्ड आत पोचतच नाही, फ्रिक्वेन्सी फार वाढवली तर सीमेवर भार साचायला वेळच मिळत नाही, म्हणून मधली फ्रिक्वेन्सी शोधावी लागते, सेमिनारला हा ग्राफ नक्की काढ, खरी मजा तिथेच आहे.

प्रश्नकर्ता: मावशी खूप आभार! व्होल्टेज बंद केलं की लगेच आडवा होतो का?

फिजिक्सवाली मावशी, मालवण: नाही रे, तीच मोठी अडचण. परत ओढणारं काही नसतं, गुरुत्वाकर्षणाने सावकाश खाली बसतो. आणि ज्या काचांमध्ये हे द्रव नि फ्लेक भरलेले असतात त्या भिंतीवरच्या बोर्डासारख्या उभ्या धरल्या तर तेही कामाला येत नाही.

देवगडकर: पोरांची ती बटण दाबून पुसायची लिहायची पाटी दाखवायला नेशील तर तिथे घोळ करू नको हं. कोलेस्टेरिकच असतं, पण तिच्यात फ्लेक फिरत नाहीत, रेणूंची रचना बदलते.