मदत हवी आहे: दोन ते अकरा शिफ्ट, त्यात हा उन्हाळा, आयुर्वेदिक दिनचर्या बसवायची कशी?

नमस्कार मंडळी. मी नागपुरात मिहानमध्ये (विमानतळाजवळचा आयटी-उद्योगांचा भाग) जॉबला आहे, शिफ्ट दुपारी दोन ते रात्री अकरा, कॅब सगळ्यांना सोडत सोडत येते म्हणून घरी पोचेस्तोवर बारा वाजून जातात, मग आईने झाकून ठेवलेला दहीभात नाहीतर पोळीभाजी, थोडा मोबाईल, आणि झोप लागते एक-दीडला. सकाळी उठलो की अंग जड, छातीत जळजळ, पोट साफ नाही. डॉक्टरांना दाखवलं, रिपोर्ट नॉर्मल आले, म्हणाले रुटीन सुधारा. आता रुटीन म्हणून जे जे बघून राहिलो त्यात पहिलीच ओळ ब्राह्ममुहूर्तावर उठा. मे महिन्यात आपल्याकडे सूर्य साडेपाचच्या आसपास उगवतो, ब्राह्ममुहूर्त त्याच्या दीड तास आधी, म्हणजे चारला उठायचं, मग झोपू कधी बाप्पा? शिवाय रोज कोमट पाण्यात मध-लिंबू, तिळाच्या तेलाने मालिश, एक तास व्यायाम. पंचेचाळीस डिग्रीत, जिथे कूलरपण गरम हवा फेकतो, तिथे तिळाचं तेल चोपडून बसायचं का? यातलं नेमकं काय ठेवू, काय सोडू? शिफ्ट बदलून घे असं प्लीज सांगू नका, ते हातात नाही.

इतवारीकर: भाऊ, चारचा नाद सोड. सात-साडेसातला उठ पण रोज तेव्हाच, सुट्टीच्या दिवशीपण. माझीही अशीच शिफ्ट होती, वीकऑफला अकरापर्यंत लोळलो की पुढचे दोन दिवस वाट लागायची. आणि उठल्याबरोबर चहा-तर्री पोहे बंद, जळजळ तिथूनच सुरू होते.

काढा_नको: मी बीएएमएस, म्हणजे आयुर्वेदाची डॉक्टर आहे म्हणून थोडं लांब लिहिते. ब्राह्ममुहूर्त सांगितलाय तो निरोगी माणसाला, आणि रात्रीचं अन्न पचलं की नाही हे बघून उठावं असंही सांगितलंय, ते कोणी रीलमध्ये बोलत नाही. अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथात दिनचर्येच्या लगेच पुढचा अध्याय ऋतुचर्येचा, म्हणजे कोणत्या ऋतूत कसं वागावं याचा आहे, तो सोडून नुसती दिनचर्या पाळली की तुमच्यासारखा गोंधळ होतो. ग्रीष्मात व्यायाम कमी, खारट-तिखट-आंबट कमी, गोड-थंड-पातळ जास्त, आणि दुपारची झोप, जी एरवी नको म्हणतात, ती या ऋतूत चालते. रात्री जागरण झालं तर जितकं जागलात त्याच्या निम्मं सकाळी, काही न खाता, झोपून घ्यावं असंही आहे, त्यामुळे सातला उठायची लाज वाटू देऊ नका. मध गरम पाण्यात नको, आणि तुम्हाला जळजळ आहे तर लिंबूही नको, साधं माठातलं पाणी प्या. अजीर्ण असताना सर्वांगाला तेल नकोच. झोपताना तळपायांना खोबरेल लावा, तेवढं पुरे. दही रात्री नको, आणि मुख्य जेवण घरी बाराला न करता ऑफिसात आठला करा. सगळं एकदम बदलू नका, जुनी सवय थोडी थोडी सोडायची हेही शास्त्रातच आहे. आणि त्रास चालूच राहिला तर सक्करदऱ्याच्या सरकारी आयुर्वेद कॉलेजच्या ओपीडीत दाखवा, ऑनलाइन चूर्णं मागवत बसू नका.

संत्राबर्फी: व्यायामाचं काय ते पण सांगा ना ताई, आमचे हे फुटाळा तलावावर भर उन्हात पळतात.

काढा_नको: निम्मी ताकद लागेल इतकाच, उन्हाळ्यात त्याहून कमी. कपाळावर घाम आला, तोंडाने श्वास घ्यावा लागला की थांबायचं. आणि ऊन चढायच्या आत, भर उन्हात बिलकुल नाही.

(धागाकर्ता): ताई, खूप धन्यवाद, एवढं नीट कोणीच सांगितलं नव्हतं. पाणी, तळपाय, सातचा अलार्म आजपासून. आठच्या जेवणाचं मात्र अवघड आहे, कॅन्टीनमध्ये सगळं सावजीचा भाऊ असल्यासारखं लाल, आणि घरी आई मी येईस्तोवर जागी राहते, नुसता पाणी पिऊन झोपलो तर तिला वाटते माझं काही बिनसलं. टिफिन न्यायचा म्हटलं तर सकाळी अकराला भरलेला डबा रात्री आठपर्यंत या गर्मीत टिकेल का? ऑफिसातला फ्रीज कायम भरलेला असतो.

संत्राबर्फी: भात-खिचडी, वरण नेऊ नको, हमखास आंबते. पोळ्या आणि कोरडी भाजी, नारळ-दही न घालता, पूर्ण थंड करून मगच डब्यात भर. आणि आईसाठी रात्री कपभर दूध घे ना तिच्याजवळ बसून, तेवढ्यात तिचंही समाधान.

(धागाकर्ता): दुधाने जळजळ वाढत तर नाही ना?

काढा_नको: बहुतेकांना नाही वाढत. साखर न घालता, अर्धा कप, प्यायल्यावर लगेच आडवं न होता घेऊन बघा. वाढली तर बंद करा.