'द जॉय लक क्लब': आई दोन तऱ्हांनी का बोलते?

पानोपानी:
अ‍ॅमी टॅन यांची ही कादंबरी (१९८९) वाचनगटात घेतोय. चार चिनी आया, सॅन फ्रान्सिस्कोत वाढलेल्या त्यांच्या चार मुली. निम्म्यावर येईतो कुणाची आई कोण हेच विसरायला होतं. शिवाय लिंडो ही आई मुलीशी मोडकंतोडकं इंग्रजी बोलते, पण तिच्या स्वतःच्या प्रकरणात भाषा एकदम सफाईदार. ही चूक म्हणायची का?

कानामात्रा:
चूक मुळीच नाही, सगळी कादंबरी त्यावरच उभी आहे. मुलगी सांगते तेव्हा आई आपल्याला मुलीच्या कानांनी ऐकू येते. आई सांगते तेव्हा ती स्वतःच्या मनातल्या भाषेत असते. ती भाषा मुलीपर्यंत कधी पोचतच नाही. गटासाठी उतारे मराठीत करायचे झाले आणि आईचं बोलणं बोबडं केलंत, तर ती हास्यास्पद होईल. वाक्यं आखूड ठेवा, क्रियापदं गाळा, तेवढं पुरे.

ओसरी:
गोंधळासाठी ४×४चा तक्ता करा. भाग १ आणि ४ आयांचे, २ आणि ३ मुलींचे, प्रत्येकीच्या दोन कथा. जोड्या अशा: लिंडो–वेव्हर्ली, आन-मेइ–रोझ, यिंग-यिंग–लीना. चौथी मुलगी जून, तिची आई सुयुआन आधीच वारलीय, म्हणून माहजाँग या चिनी सोंगट्यांच्या खेळाच्या टेबलावर आणि निवेदनातही तिच्या जागी जूनच बसते. तिच्या चार धरून एकूण १६. पहिलं वाचन छापील क्रमानेच करा. जोड्या लावून वाचलंत तर जूनच्या चीनमध्ये राहिलेल्या जुळ्या सावत्र बहिणींचा धागा तुटतो, तो पहिल्या कथेत सुरू होऊन थेट शेवटच्या कथेत पुरा होतो.

कानामात्रा:
गटात मोठ्याने वाचायला वेव्हर्लीच्या आईकडचं जेवण घ्या. लिंडो आपला हातखंडा पदार्थ, मुरवलेली भाजी घातलेलं वाफवलेलं डुकराचं मांस, मांडते आणि चाखून म्हणते, मीठ कमी पडलंय, चवच नाही. घरच्यांना ठाऊक असतं की आता घास घेऊन वाहवा करायची. आपल्याकडे 'आज जरा अळणीच झालंय' म्हणणाऱ्या सुगरणीपुढे कुणी मीठ मागतं का? वेव्हर्लीचा अमेरिकन प्रियकर रिच मात्र अख्ख्या पदार्थावर सोया सॉस ओततो, आणि वर त्याला वाटतं, छान जमलं. 'चवच नाही' इथे वाचन थांबवा आणि विचारा, आता रिचने काय करायला हवं? आईचं बोलणं कुणाला कळलं ते उत्तरांवरूनच दिसेल.

पानोपानी:
तक्ता फळ्यावर काढतो. याच प्रसंगाने सुरुवात.