‘जस्टिस’ला बेस नाही म्हणून रडणाऱ्यांनो, इकडे या

कॅसेट_साठ
काल इथे एकाने टाकलं की मेटालिका या अमेरिकन मेटल बँडचा ‘अँड जस्टिस फॉर ऑल’ हा फसलेला अल्बम आहे कारण त्यात बेस गिटार जवळजवळ ऐकूच येत नाही, लोकांनी घरी बेस वाढवून यूट्यूबवर टाकलेली व्हर्जन्स हाच खरा अल्बम, आणि ज्यांना ओरिजिनल आवडतो ते नॉस्टॅल्जियाचे पेशंट. रात्री साडेअकराला वाचलं, झोप उडाली, म्हणून हे एवढं लांबलचक.

पेशंट तर पेशंट. मी हा अल्बम ९३ साली मित्राच्या दादाकडून साठ मिनिटांच्या कॅसेटवर भरून घेतला. अल्बम पासष्ट मिनिटांचा. ज्यांनी कॅसेटी भरल्यात त्यांना पुढचं कळलंच असेल. ए साइडला ‘वन’ची शेवटची वीस-पंचवीस सेकंदं गायब, आणि ते गाणं तसंही कचकन संपतं त्यामुळे मला पत्ताच नाही. बी साइडला ‘टू लिव्ह इज टू डाय’ संपायला आणि टेप संपायला एक गाठ. ‘डायर्स ईव्ह’ नावाचं गाणं पृथ्वीवर आहे हे मला तीन वर्षांनी कळलं, तोवर मी कॉलेजात ‘जस्टिस मला पाठ आहे’ म्हणून सांगत फिरत होतो.

आता आवाजाचं. हो, कोरडा आहे. गिटार करवतीसारखी, आणि ड्रमर लार्सचा किक ड्रम (पायाने वाजवतात तो) म्हणजे कोर्टाच्या आवारात झाडाखाली बसलेला टायपिस्ट. पण अल्बम आहे कशावर? ‘वन’मधल्या सैनिकाचे हातपाय, डोळे, कान, वाचा सगळं गेलंय आणि तो आत जागा आहे. तिथे तुम्हाला गुबगुबीत बेस कशाला पाहिजे, उशी म्हणून? शीर्षकगीत नऊ मिनिटं सत्तेचाळीस सेकंदांचं आहे आणि न्याय विकला जातो यावर आहे. आमच्या घरात जमिनीची केस तिसऱ्या पिढीत चालू आहे, आम्हाला नऊ मिनिटं कमीच वाटतात. २०१८ ला बँडने रीमास्टर (जुनंच रेकॉर्डिंग घासूनपुसून) काढला तेव्हाही बेसला हात लावला नाही. त्यांना कळतं, तुम्हाला कळत नाही, इतकंच.

चार_तारा
मीठ घालायचं विसरायचं आणि वर म्हणायचं पथ्याचं जेवण आहे. वा.

मी बेस वाजवतो त्यामुळे माझं डोकं आधीच गरम. अल्बमवरच्या बेसिस्टची, जेसनची चूक काय होती ते सांग. आधीचा बेसिस्ट क्लिफ २७ सप्टेंबर ८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला, महिन्याभरात हा पोरगा घेतला आणि मग सगळा राग त्याच्यावर. ‘ब्लॅकन्ड’च्या क्रेडिटमध्ये त्याचं नाव आहे, अख्ख्या अल्बममध्ये तेवढं एकच गाणं. आणि त्यातही तो ऐकू येत नाही! मिक्स करणाऱ्या स्टीव्ह थॉम्पसनने उघड सांगितलंय की लार्स म्हणाला बेस इतका खाली घे की जेमतेम ऐकू येईल, घेतला, तर म्हणे आता अजून खाली. यात कसली आलीये कला?

आमच्या कॉलेजच्या फेस्टला २००४ साली मी चार गाणी वाजवली. व्हिडिओ आला तेव्हा कळलं की साउंडवाल्याने माझी केबल पहिल्याच गाण्याला काढून कीबोर्डला लावली होती. चार गाणी मी वेड्यासारखा मान हलवत होतो. आई म्हणाली छान उभा होतास. तेव्हापासून ‘बेसची गरज नाही’ म्हणणाऱ्या माणसाशी मी नीट बोलू शकत नाही.

फेडर_दादा
ती केबल मी काढलेली नाही हे आधीच सांगतो 😄

वीस वर्षं साउंड करतोय, लग्न, ऑर्केस्ट्रा, गणपती, जे येईल ते. दोघंही अर्धं सांगताय. जेसनने बराचसा बेस बोटांऐवजी पिकने, गायक-गिटारिस्ट जेम्सच्या रिफवर रिफ (परत परत येणारा गिटारचा तुकडा) असा वाजवलाय. जेम्सच्या गिटारमध्ये मधला भाग खरवडून काढलेला आणि खालचा भाग ठासून भरलेला. म्हणजे बेसची खुर्ची गिटारनेच घेतली. त्यात ज्याने रेकॉर्डिंग केलं तो फ्लेमिंग रासमुसेन मिक्सिंगला नव्हता, आणि जेम्स आणि लार्स अमेरिकेत मॉन्स्टर्स ऑफ रॉकची टूर करत मधूनमधून बेअर्सव्हिलच्या स्टुडिओत येऊन बसायचे. रोज स्टेजवर उभं राहून कान बधिर झाले की माणूस ट्रेबल, म्हणजे वरचा टोचरा आवाज, वाढवतच जातो. मी स्वतः हळदीला रात्री केलेलं सेटिंग सकाळी ऐकून लाजलोय. तर कॅसेटसाहेब, न्यायव्यवस्था वगैरे ठीक आहे, पण यात दमलेल्या कानांचा वाटा मोठा.

सोप्यात सांगायचं तर जस्टिस म्हणजे ढोल टेम्पोत ठेवून नुसता ताशा मिरवणुकीत.

टिपरू
‘नुसता ताशा’ म्हणजे काय? दादा वीस वर्षं साउंड करता आणि एवढंही माहीत नाही? ताशा लीड करतो, ढोल त्याच्या मागे जातो. ताशाने हात बदलला की चाळीस ढोल बदलतात. मेटालिका वगैरे तुमचं चालू द्या पण माहिती नसेल तर पथकाला मध्ये ओढू नका.

चार_तारा
मग ठीक आहे, यंदा लक्ष्मी रोडला चाळीस ढोल घरी ठेवा आणि ताशा एकटा न्या. बघू किती लोक थांबतात.

नदीपात्र_पीडित
कृपया खरंच घरी ठेवा. आमची बिल्डिंग नदीच्या अंगाला आहे. दोन महिने रोज संध्याकाळी सराव. वडिलांची बायपास झाली त्या वर्षी मी हात जोडून सांगायला गेलो तर एक विशीतली मुलगी म्हणाली, काका, परंपरा आहे. अगं, मी तुझ्यापेक्षा तीस वर्षं जास्त पुण्यात राहतोय, मला परंपरा शिकवतेस?

टिपरू
आजारी माणूस घरी असेल तर आम्ही जागा बदलतो, निदान आमचं पथक तरी. आणि डीजेच्या भिंतींबद्दल कधी बोलणार? आम्ही दहाला थांबतो. सगळ्यांना सोपं टार्गेट पथकच. यावर कुणी धागा काढत नाही.

पपेट_८६
मी अल्बमवर बोलायला आलो होतो, चुकून विसर्जनाच्या ग्रुपवर आलो का?

बेस असो नसो, गाणी लांबलीत. त्यांचा आधीचा अल्बम ‘मास्टर ऑफ पपेट्स’ही काही छोटा नाही पण त्यात एक रिफ गेला की पुढचा यायला कारण असतं. इथे एकच रिफ आठ वेळा, कारण आपण किती अवघड वाजवतो ते दाखवायचंय. शीर्षकगीत वाजवताना पुढच्या रांगेतले लोक जांभया द्यायचे हे त्यांचा गिटारिस्ट कर्कनेच नंतर सांगितलंय. त्यानंतर त्यांनी काय केलं? ९१ ला छोट्या गाण्यांचा ब्लॅक अल्बम. जस्टिसमधलंच ‘फ्रेड एंड्स ऑफ सॅनिटी’ पूर्ण लाइव्ह वाजवायला त्यांना २०१४ उजाडलं. ज्यांनी केलं त्यांनाच नको होता तो, तुम्ही कशाला कवटाळून बसलाय?

कॅसेट_साठ
कर्क कंटाळला म्हणून मी कंटाळायचं? त्याच हिशोबाने आचाऱ्याला भूक नसली तर पंगतीने उठायचं.

‘हार्वेस्टर ऑफ सॉरो’ ऐक एकदा. लांब नाही, घाई नाही, अर्धाअधिक अल्बम वेगात पळाल्यावर तो संथ रिफ बुलडोझरसारखा अंगावर येतो. आणि ‘टू लिव्ह इज टू डाय’ क्लिफच्या उरलेल्या रिफांवर बांधलंय, मधे त्याच्या नावाने जेम्स चार ओळी बोलतो. तिथे बेस नसणं मला बोचतं, आणि बोचलंच पाहिजे.

चार_तारा
हे बघ, आता मेलेल्या माणसाचा खांदा घेतला. क्लिफचं दुःख दाखवायला जिवंत बेसिस्ट पुसून टाकायचा? हे म्हणजे घरात मोठा गेला म्हणून धाकट्याला पान वाढायचं नाही. आणि दुःखासाठीच होतं तर मग सगळ्याच गाण्यांत का? ‘आय ऑफ द बिहोल्डर’मध्ये कोण वारलं होतं?

बंगळूरला पॅलेस ग्राउंडवर २०११ ला मेटालिकाच्या शोला मी होतो. दोन दिवस आधी गुरगावचा शो रद्द झाला होता, लोकांनी तिथे तोडफोड केली होती, आम्ही रात्रभर बसमध्ये घाबरून की हाही जातोय. मग ‘वन’ सुरू झालं आणि जेसननंतर आलेल्या रॉबचा बेस पोटात बसला. तुझा तो सैनिक काही कमी एकटा वाटला नाही मला. उलट जास्त. आता बोल.

नदीपात्र_पीडित
तिकडे बंगळूरला जावं लागतं कारण इथे जागाच ठेवली नाही. मुंबईचं रंगभवन आठवतंय का कुणाला? धोबी तलावला तिथे आय-रॉक हा रॉक फेस्टिव्हल व्हायचा, मी ९० च्या दशकात पुण्याहून पॅसेंजरने जायचो. आजूबाजूला हॉस्पिटलं, शांतता क्षेत्र, म्हणून बंद. कायदा म्हणून बरोबरच, मी स्वतः तक्रार करणारा माणूस आहे. पण निवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, हा नियम फक्त गिटारला लागतो का? भाद्रपदात मीटर बिघडतो?

फेडर_दादा
काका तुम्ही मेटलवाले?? आणि ढोलाचा त्रास होतो?

नदीपात्र_पीडित
मी तिकीट काढून, स्वतःच्या पायाने, चार तासांसाठी बहिरा व्हायला जायचो. फरक कळत नसेल तर सोडा.

टिपरू
बरं काका, वडील कसे आहेत आता? हे टोमण्यात विचारत नाहीये.

नदीपात्र_पीडित
गेले १९ साली. ढोलामुळे नाही. ठीक आहे.

पपेट_८६
मी काल रात्री हेडफोन लावून पूर्ण ऐकला, बरेच वर्षांनी. ‘ब्लॅकन्ड’चा उलटा वाजवलेला इंट्रो अजूनही अंगावर काटा आणतो, तेवढं देतो. बाकी मत तेच. शीर्षकगीताच्या सातव्या मिनिटाला मी चहा टाकला, परत आलो, तेच चालू.

कॅसेट_साठ
चहात साखर घालायला आठवलं ना? मग झालं.

आणि चार_तारा, तुझ्या शिव्या खाऊन ते बेस वाढवलेलं व्हर्जन ऐकलं. ‘ब्लॅकन्ड’ चांगलं वाटतं. फक्त ‘ब्लॅकन्ड’. तेही एकदा ऐकायला. ‘वन’ मात्र मधेच बंद केलं, कुणीतरी वाड्याला फरशी बसवल्यासारखं वाटलं.

चार_तारा
स्क्रीनशॉट काढलाय. फ्रेम करून आईला देतो.

टिपरू
तरी ताशाबद्दल कुणी माफी मागितलेली नाही.