बिट केवळ दगडामुळे झिजत नाही

बोअरचे बिट, म्हणजे दगड फोडणारे पुढचे टोक, लवकर जाते ते काळ्या दगडाच्या कठीणपणामुळेच, हे आपण मांडलेले मत मला अर्धेच पटते. गेल्या उन्हाळ्यात निपाणीजवळ आमच्या शेतात बोअर मारताना बिट वर काढले, तेव्हा त्याच्या तोंडावरची मधली कार्बाइडची (अतिकठीण धातुसंयुगाची) बटने जवळजवळ शाबूत होती आणि कडेची तीन मात्र टवके उडून फुटली होती. निव्वळ घासून होणारी झीज अशी नसते, तिने बटन चपटे आणि गुळगुळीत होते. आमच्याकडे घट्ट बेसाल्टच्या, म्हणजे याच काळ्या दगडाच्या, खाली अचानक तांबडा मऊ थर लागतो, तिथे बिटाखालचा आधार सुटतो, आणि चालकाने दाब व फेरे तेच ठेवले तर बिटावर ठोके देणाऱ्या हॅमरचा बराचसा जोर दगडात न जाता बिटात आणि रॉडमध्येच परत फिरतो.

तेलविहिरींत हाच प्रश्न अधिक बिकट होतो, कारण तिथे हजारो मीटर लांबीची पाइपांची माळ स्प्रिंगसारखी पिळली जाते, बिट क्षणभर अडकते आणि सुटताना वरच्या फेऱ्यांच्या दुपटी-तिपटीने गरगरते. तिथल्या बिटावरच्या कृत्रिम हिऱ्याच्या कटरला असले धक्के सोसत नाहीत. अशा अडकण्यावर बिटावरचा भार, म्हणजे दाब, कमी करून फेरे वाढवतात. उलट बिट भोकात भेलकांडत असेल, तर फेरे उतरवून भार वाढवावा लागतो. म्हणून ‘थरथर जाणवली की दाब कमी करा’ हा सरसकट सल्ला मला धोक्याचा वाटतो.