मदत हवी आहे: आठवी ते दहावीच्या मुलांसाठी मराठी कादंबऱ्या, कोणत्या आणि कोणत्या क्रमानं?

अनुस्वार:
सोसायटीच्या वाचनकट्ट्यावर ११ मुलं आहेत, आठवी ते दहावीची. त्यातली ७ इंग्रजी माध्यमाची. बोलतात छान, पण मराठी वाचताना जोडाक्षरांपाशी अडखळतात. जून ते सप्टेंबर, महिन्याला एक पुस्तक, प्रत्येकाच्या ३ प्रती घेता येतील. फास्टर फेणे आता त्यांना लहान मुलांचा वाटतो. ‘बनगरवाडी’ भाषेमुळे जड जाईल का? ‘शाळा’ घ्यायची फार इच्छा आहे, पण पालक काय म्हणतील? कृपया क्रम लावून द्या.

वाळवी:
क्रमाचं विचारलंत ते उत्तम केलंत. पुस्तक किती नावाजलेलं आहे हे बघून यादी केली की पहिल्याच महिन्यात निम्मी मुलं गळतात. पहिल्या वीस पानांची भाषा बघून क्रम लावा.

सुरुवात प्रकाश नारायण संतांच्या ‘वनवास’नं करा. तशी ती कादंबरी नव्हे, लंपन नावाच्या मुलाच्या कथा आहेत, पण माणसं आणि गाव तेच असल्यानं सलग वाचल्या जातात. शिवाय ३ प्रती ११ जणांत फिरवायला कथा सोयीच्या, एकेकानं एकेक कथा वाचून प्रत पुढे द्यायची. मुलं अडतात ती बेळगावकडच्या हेलापाशी आणि कानडी शब्दांपाशी. तिथे शब्दार्थ सांगत बसू नका. पहिली कथा तुम्ही स्वतः मोठ्यानं वाचून दाखवा. लंपनच्या तोंडचं ‘मॅडसारखं’ एकदा कानात बसलं की पुढचं ती आपली आपण वाचतात. ज्यांना आवडेल त्यांच्यासाठी ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’, याच क्रमानं.

जुलैत ‘बनगरवाडी’. भाषेची भीती बाळगू नका. व्यंकटेश माडगूळकरांनी निवेदन प्रमाण मराठीत ठेवलंय, माणदेशी आहेत ते संवाद, आणि पुस्तकही लहानसं आहे. चावडी, कारभारी, रामोशी, मेंढका, तालीम एवढे पाच शब्द आधी फळ्यावर लिहून समजावून द्या. खरी अडचण वेगळीच येते. फँटसी वाचणारी मुलं ‘पण यात घडतंय काय?’ म्हणून तिसाव्या पानावर पुस्तक मिटतात. म्हणून वाचायला देतानाच एक प्रश्न हातात द्या: परका पोरगेला मास्तर गावाला आपला कधी वाटू लागतो? ते पान शोधून आणायचं. शेवट मात्र आधी अजिबात सांगू नका.

ऑगस्टमध्ये प्रभाकर पेंढारकरांची ‘रारंग ढांग’. ढांग म्हणजे उभा सरळसोट कडा. हिमालयात रस्ता बांधणारा तरुण इंजिनियर विश्वनाथ, वरिष्ठाचा हुकूम आणि कोर्टमार्शल. हुकूम बरोबर की विश्वनाथ बरोबर, यावर दोन गट पाडा, तासभर चर्चा आटपत नाही. दहावीच्या मुलांना हे पुस्तक हमखास धरून ठेवतं.

पानगळ:
वरच्या क्रमाशी सहमत. ‘शाळा’ सप्टेंबरमध्येच घ्या, पण फक्त नववी-दहावीला. मिलिंद बोकिलांनी नववीतली मुलं एकमेकांत बोलतात तशीच बोलू दिली आहेत. शिव्या आहेत, मुलींविषयीची कुजबुज आहे, आणि ते गाळलं तर नायक जोशीचं शिरोडकर या मुलीवरचं हळवं प्रेम उठूनच दिसणार नाही. पालकांपासून लपवू नका. महिनाभर आधी एक प्रत त्यांच्यातच फिरवा. मुलाच्या दप्तरातून पुस्तक ओढून मधलंच पान वाचलं की गैरसमज होतो, पहिल्यापासून वाचलं की सहसा होत नाही.

‘शाळा’ ज्या काळात घडते त्या आणीबाणीबद्दल (जून १९७५ ते मार्च १९७७) दहा मिनिटं आधी बोला, नाहीतर ते उल्लेख मुलांच्या डोक्यावरून जातात.

आठवीच्या मुलांना त्या महिन्यात जयंत नारळीकरांची ‘प्रेषित’ द्या. विज्ञानकथा आहे, इंग्रजीतून येणाऱ्यांना ओळखीची वाट.

अनुस्वार:
मनापासून आभार! दोघं अजून अगदी सावकाश वाचतात, त्यांचं काय करू? आणि या क्रमात ‘पाडस’ कुठे बसेल?

कट्टेकरी:
‘पाडस’ या वर्षी नको. राम पटवर्धनांचा अनुवाद अप्रतिम आहे, पण पुस्तक जाड, सुरुवातीला रानाची वर्णनं संथ, आणि नाव बघून लोक ते लहान मुलांचं समजतात. वाढतं पाडस शेतातलं पीक खाऊ लागतं आणि त्याचं पुढे जे होतं ते वाचून मूल एकटं रडत बसायला नको. सुट्टीत द्या आणि शेवटच्या प्रकरणांच्या वेळी कुणी मोठं माणूस जवळ असू द्या.

सावकाश वाचणाऱ्यांसाठी: पुस्तकातलं कुठलंही एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. पाचाहून जास्त शब्दांवर अडखळले तर ते पुस्तक महिनाभर पुढे ढकला. चालण्यासारखं असेल तर जोडी लावा, एका प्रतीवर दोघं, एक पान याचं, एक त्याचं. ‘बनगरवाडी’चे संवाद असेच वाचायचे. डोळ्यांना जो शब्द अनोळखी वाटतो तो उच्चारला की कानाला कळतो.

वाळवी:
जोडी लावताना इंग्रजी माध्यमाचं एक आणि मराठी माध्यमाचं एक अशी लावा. ४ मराठी आणि ७ इंग्रजी, म्हणजे ४ जोड्या आणि एक तिघांचा गट. तो तिघांचा गट तुमच्याजवळ बसवा.