संडे स्कूल: 'आपले गुण देवाच्या सेवेत' हा विषय कसा शिकवावा?

नवी_शिक्षिका
सर्वांना सलाम. वर्गात ६ ते ११ वयाची १४ मुलं, तास ४० मिनिटांचा, हातात चार रविवार. पहिल्या रविवारी मत्तय २५ मधली तीन दासांची गोष्ट आणि शेवटच्या रविवारी मुलांच्या नाच-गाण्याचा कार्यक्रम, असा बेत आहे. काय बदलाल?

बोरू
ताई, सुरुवात आणि शेवट दोन्ही बदला. मत्तय २५ मधली गोष्ट पैशांची आहे: धनी आपल्या दासांकडे पैसे सोपवून परदेशी जातो. एकाला पाच, दुसऱ्याला एकच, आणि शेवटी पैसे पुरून ठेवणाऱ्या त्या एकवाल्याला अंधारात टाकलं, एवढंच लहानांच्या डोक्यात राहतं. मग 'मला किती?' सुरू. ती गोष्ट शेवटी घ्या, फक्त नऊच्या वरच्यांसाठी. त्यांना २१ आणि २३ ही वचनं शेजारीशेजारी ठेवून शाबासकीतला फरक शोधायला सांगा. पाचाचे दहा करणारा आणि दोनाचे चार करणारा, दोघांना धनी तेच म्हणतो.

सुरुवात निर्गम ३१ मधल्या बसालेल या कारागिरापासून करा. देवाने त्याला आपल्या आत्म्याने भरलं ते सोनं, रुपं, पितळ, रत्नं आणि लाकूड घडवण्यासाठी. चित्रं काढणारी, मोडतोड करून पुन्हा जोडणारी मुलं इथे कान टवकारतात. ३५:२५-२६ मधल्या सूत कातणाऱ्या बायकाही सोडू नका. ३६:६ मध्ये देवाच्या निवासमंडपासाठी लोक इतकं आणतात की मोशेला 'आता पुरे' अशी दवंडी द्यावी लागते. मुलं इथे हमखास हसतात.

दुसऱ्या रविवारी २ राजे ५, कुष्ठरोगी सेनापती नामानाच्या घरची बंदिवान मुलगी. तिचं नावही दिलेलं नाही आणि ती बोलते जेमतेम एक वाक्य, पण त्यावरूनच नामान संदेष्ट्याकडे जातो आणि बरा होतो. बुजऱ्या मुलांसाठी याहून चांगली गोष्ट नाही.

सुईदोरा
तिसरा रविवार विधवांसाठी कपडे शिवणाऱ्या दुर्कसला द्या (प्रेषित ९:३६-४२). गोष्ट दहा मिनिटं, बाकी वेळ शिवण. मॅटीच्या (भरतकामाच्या जाळीदार विणीच्या) कापडाचा २० × ३० सेंमी तुकडा मधोमध दुमडला की औषधांच्या पाकिटांपुरती २० × १५ ची पिशवी होते. मॅटीचे धागे सुटतात, म्हणून खडूची रेघ काठापासून २ सेंमी आत आखा आणि फक्त धावदोरा घाला. सुई बोथट, मोठ्या नेढ्याची. दोरा मुलाच्या हाताएवढाच घ्या, लांब झाला की गुंता होतो आणि तास गाठी सोडवण्यात जातो. आठच्या आतल्या चार मुलांमागे एक मोठं माणूस हवंच.

पिशवी कोणाला द्यायची ते आधी नावानिशी ठरवा: मंडळीतले घरी बसून असलेले आजी-आजोबा. नाहीतर पिशव्या वर्गाच्या कपाटातच पडून राहतात.

पेटीवाला
कार्यक्रम पूर्ण रद्द करू नका, पण स्टेज नको. नेहमीची तीच तीन मुलं पुढे येतात, उरलेल्यांना वाटतं आपल्यात काहीच नाही. त्याऐवजी त्या दिवशीची उपासनेतली कामं वाटा: सतरंज्या घालणं, गीतांची पुस्तकं देणं, चपला ओळीत लावणं, शास्त्रवाचन. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं भजन घेतलंत तर सूर नसलेलं मूलही टाळ धरू शकतं. फक्त ठेका आठवडाभर आधी बसवून घ्या.

खरी अडचण मोठ्यांची. मुलाने पुस्तकं हळू वाटली की कोणीतरी काका ती हातातून काढून घेतात. पाळकांना आदल्या रविवारी सूचना द्यायला सांगा आणि एकेक काम किमान तीन आठवडे त्याच मुलाकडे ठेवा. बक्षीस मात्र नको. बक्षीस बंद झालं की काम बंद.

नवी_शिक्षिका
आभारी आहे. चौथ्या रविवारी मोठी मुलं मत्तय २५ वाचतील, तेव्हा लहानांना काय द्यावं?

बोरू
१ शमुवेल ३. देव लहान शमुवेलाला रात्री हाक मारतो, तिथेच गोष्ट संपवू नका, १५ व्या वचनापर्यंत जा: सकाळी उठून शमुवेल परमेश्वराच्या मंदिराची दारं उघडतो. त्याच दिवशी चर्चचं दार उघडायचं काम लहानांना द्या, दोघादोघांना मिळून. कडी उंच असेल तर ती आधीच काढून ठेवा.