विंडोज पुन्हा टाकल्यावर वरच्या रांगेतली निम्मी बटणं मेली, निम्मी जिवंत. असं का?

निशाचर:
मंडळी, शनिवारी लॅपटॉपची जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज ११ कोरं टाकलं. मशीन २०१९ चं, आधी त्यावर विंडोज १० होतं. वेग बघून जीव सुखावला. दुःख वरच्या रांगेत आहे.

आवाजाची बटणं चालतात. कीबोर्डखालचा दिवा लागतो. पण ब्राइटनेसची दोन्ही, टचपॅड बंद करणारं आणि विमानाचं चित्र असलेलं, ही चारही ठार. मी रात्री प्रूफं तपासते. खोलीत अंधार आणि समोर पडदा हॅलोजनसारखा! काल शेवटी गॉगल लावून बसले, हसू नका. टचपॅडचा ताप वेगळाच. टाइप करताना तळहात लागतो, कर्सर तीन ओळी वर उडतो आणि अक्षरं भलत्याच शब्दाच्या पोटात जाऊन पडतात.

बटणं तुटली म्हणावं, तर शुक्रवारपर्यंत चालत होती. सगळीच गेली असती तर समजले असते. निम्मीच कशी जातात?

सरळसोट:
एफएन आणि एस्केप एकत्र दाबा. एफएन लॉक (वरची रांग खास कामांसाठी की नुसती एफ१, एफ२, हे बदलणारं कुलूप) पडला असेल.

निशाचर:
दाबलं. त्याने एवढंच झालं की आवाजालाही एफएन धरावं लागतं, आणि नुसतं एफ२ दाबलं की फाइलचं नाव बदलायला उघडतं. पुन्हा दाबून होतं तसं केलं.

क्लिकराव:
आपोआप ड्रायव्हर, म्हणजे विंडोजला मशीनचा एकेक भाग चालवू देणारे छोटे प्रोग्रॅम, शोधून देणारी सॉफ्टवेअर मिळतात की. एक क्लिक, काम फत्ते.

खिळेठोक:
क्लिकराव, ती नकोत. नको ते ड्रायव्हर बसवून ठेवतात आणि मग निस्तरायला आम्ही.

ताई, निम्मीच का, हा तुमचा प्रश्न नेमका आहे. ही बटणं एका रांगेत बसली असली तरी एका जातीची नाहीत. एफएन हे बटण बहुतेक लॅपटॉपांत विंडोजला दिसतच नाही. मदरबोर्डवरचा एम्बेडेड कंट्रोलर (कीबोर्डसारखी कामं सांभाळणारी छोटी चिप) ते स्वतः गिळतो आणि पुढे काय पाठवायचं ते ठरवतो. आवाजाचे संकेत सगळ्या कीबोर्डांना समान आहेत, म्हणून कोऱ्या विंडोजलाही कळतात. कीबोर्डचा दिवा बऱ्याच मशीनांत कंट्रोलर परस्पर लावतो. ब्राइटनेसचा निरोप एसीपीआयमार्फत (मशीन आणि विंडोज यांच्यातली निरोपांची ठरलेली पद्धत) विंडोजपर्यंत येतो, पण पडदा मंद करायला ग्राफिक्सचा खरा ड्रायव्हर लागतो. टचपॅड आणि विमान यांचा निरोप अनेकदा कंपनीच्या खास एसीपीआय उपकरणातून येतो, आणि त्याचा ड्रायव्हर विंडोजसोबत येईलच असं नाही.

डिव्हाइस मॅनेजर उघडा. डिस्प्ले अडॅप्टर्सखाली ‘मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अडॅप्टर’ आहे का? पिवळ्या त्रिकोणाचं ‘अननोन डिव्हाइस’ कुठे आहे का? असेल तर त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये डिटेल्स, आणि तिथे हार्डवेअर आयडीज निवडा. एसीपीआयच्या पुढची अक्षरं ही त्याची जन्मखूण. व्हीपीसी२००४ म्हणजे लेनोवोचा आयडियापॅड, एटीके०१०० म्हणजे आसुस, एचपीक्यूने सुरुवात म्हणजे एचपी.

निशाचर:
बेसिकच आहे! सेटिंग्जमधून ब्राइटनेसची पट्टीसुद्धा गायब आहे, मी तिकडे पाहिलंच नव्हतं. अननोन डिव्हाइस एक आहे, कोड २८ दाखवतंय. जन्मखूण तुमच्या तिघांतलीच.

खिळेठोक:
कोड २८ म्हणजे ड्रायव्हरच बसलेला नाही. आधी ग्राफिक्स. विंडोज अपडेट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, ऑप्शनल अपडेट्स. तिथे नसेल तर कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलखाली विंडोज १० ची ६४ बिट यादी उघडा, १० चे ड्रायव्हर बहुतेक वेळा ११ वर चालतात. बटणांचा ड्रायव्हर त्याच यादीत शोधा, पण ‘हॉटकी’ हे नाव असेलच असं नाही. कुठे ‘एसीपीआय ड्रायव्हर’, कुठे ‘पॉवर मॅनेजमेंट’, कुठे ‘सिस्टम कंट्रोल इंटरफेस’.

पेंग्विनप्रेमी:
ताई विंडोजवर आहेत हे दिसतंय, पण शोधत इथे येणाऱ्यांसाठी: लिनक्सवर यातलं बरंच कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) मॉड्यूलांतच असतं. थिंकपॅड, आयडियापॅड, आसुस, एचपी, सगळ्यांची वेगवेगळी आहेत. तरी ब्राइटनेस रुसला तर बूटच्या ओळीत एसीपीआय बॅकलाइटला ‘नेटिव्ह’ किंवा ‘व्हेंडर’ देऊन बघा.

निशाचर:
ग्राफिक्स ऑप्शनल अपडेट्समध्ये सापडला. बसताना पडदा दोनदा काळा झाला, माझ्या छातीत धस्स. पण ब्राइटनेसची दोन्ही बटणं उठली! गॉगल खोक्यात गेला.

बटणांचा ड्रायव्हर साइटवर मिळाला, पण त्याचा इन्स्टॉलर ‘ही ऑपरेटिंग सिस्टम चालत नाही’ म्हणतो आणि स्वतःच बंद होतो. दोनदा विनवलं.

खिळेठोक:
जुनी हार्ड डिस्क आहे ना? पुसली नाहीत ना?

निशाचर:
आहे. कपाटात, मोज्यात गुंडाळून.

खिळेठोक:
मग इन्स्टॉलर गेला उडत. डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडा. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या अननोनवर राइट क्लिक, अपडेट ड्रायव्हर, ‘ब्राउज माय कम्प्युटर’. जुन्या डिस्कवरच्या विंडोज फोल्डरात सिस्टम३२, त्यात ड्रायव्हरस्टोअर, त्यात फाइलरिपॉझिटरी. तो फोल्डर दाखवा आणि ‘इन्क्लूड सबफोल्डर्स’ची खूण राहू द्या. विंडोज जन्मखूण जुळवून स्वतःच उचलेल. शुक्रवारी जो ड्रायव्हर चालत होता, तो तिथेच पडलेला असणार.

निशाचर:
बराच वेळ नुसतं फिरत बसलं. मग एकदम ‘अननोन’ जाऊन तिथे नाव आलं. रीस्टार्ट केलं, टचपॅड बंद होतो, विमान उडतं!

एक शंका उरली. पूर्वी टचपॅड बंद केला की पडद्यावर छोटं चित्र उमटायचं. ते आता येत नाही.

खिळेठोक:
चित्र दाखवणं बहुधा कंपनीच्या वेगळ्या प्रोग्रॅमचं काम असतं, बटणाला त्याची गरज नाही. हवा असेल तर टाका, मी कधी टाकत नाही. सोबत चार जाहिराती येतात.

आणि पुढच्या वेळी विंडोज पुसण्याआधी अॅडमिनच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पीएनपीयूटिल (विंडोजचीच ड्रायव्हर सांभाळणारी कमांड) चालवून बाहेरचे सगळे ड्रायव्हर पेनड्राइव्हवर एक्स्पोर्ट करून ठेवा.

निशाचर:
चित्राशिवाय चालेल. कर्सर हलला नाही की कळतंच.

डिस्क पुन्हा मोज्यात घातली. वर चिठ्ठी लावली आहे: ‘टाकू नये, यात बटणं आहेत.’